वानवळ्याचे एकोणीस सेकंद

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सायं. ६.४०

आज काय झाले, क्रमाने:

१. सकाळी दहाला कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यू होते.
२. मी गेले नाही.
३. साडेअकराला प्लेसमेंटच्या सरांनी बोलावून घेतले.
४. मी सांगितले, नोकरी करायची नाही. उद्योजक व्हायचे आहे.
५. सरांनी विचारले, कसला उद्योग?
६. मी सांगितले, ते ठरायचे आहे.
७. सरांनी फॉर्म पुढे केला. यापुढे मला प्लेसमेंटला बसायचे नाही, असा मजकूर. खाली सहीची जागा.
८. सही केली.
९. ताथवड्याहून पिंपळे गुरवला येताना बसमध्ये खिडकी मिळाली.

उद्यापासून ‘उद्योजकता’ या विषयाचा प्रोजेक्ट. एका मालकाच्या सोबत एक महिना राहायचे, निरीक्षण करायचे, शेवटी फॉर्मवर मालकाचा शेरा घ्यायचा. यादीत बारा नावे होती. रोबो, बॅटरी, ड्रोन वगैरे मुलांनी सकाळीच घेतले. मी पोचले तेव्हा एकच नाव उरले होते. शालनबाई, रबर ट्रिमिंग जॉबवर्क, कुरुळी. मी ते विचारपूर्वक निवडले.

स्नेहलला मेसेज करून कळवले. स्नेहल माझी रूममेट, आता माजी. हिंजवडीत नोकरी लागल्यापासून माणला राहते. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. नवीन नोकरीत काम असते.

ठराव: रोज सहाला उठणे. रोज डायरी. महिनाअखेर शालनबाईंकडून भागीदारीचा प्रस्ताव. (मागायचा नाही. त्यांनी द्यायला हवा.)


मंगळवार, ७ जानेवारी. सायं. ७.३०

उठले ७.५०. थंडी होती.

नाशिक फाट्यावरून बस, कुरुळी फाट्यावर उतरून चालत अकरा मिनिटे. एकूण एक तास छत्तीस. मोशीत ट्रॅफिक.

घरामागे पत्र्याचे शेड. आत जमिनीवर चटया टाकून वीस बायका गोल करून बसलेल्या. मध्ये क्रेट. चाकणच्या एका कंपनीतून रबराची कडी येतात. गाडीतली वायर पत्र्यातून जाते त्या भोकात हे कडे बसते, म्हणजे वायर कापली जात नाही. साच्यातून काढल्यावर कड्याच्या कडेला रबराचा पातळ पापुद्रा राहतो. त्याला फ्लॅश म्हणतात. तो ब्लेडने काढायचा, की झाले काम. मशीन एकही नाही. सुधारणेला वाव प्रचंड.

शालनबाई पन्नाशीच्या पुढच्या. मूळच्या इथल्याच, शेतकरी घरातल्या. सतरा वर्षांपूर्वी ओसरीवर एकट्या बसून एका क्रेटपासून सुरुवात. मी त्यांना मॅडम म्हणाले. त्या म्हणाल्या, मॅडम कंपनीत असत्यात गं, मला समदी आक्का म्हनत्यात. नोंद घेतली. मी मॅडमच म्हणणार आहे. व्यावसायिक अंतर हवे.

त्यांचे पती नानासाहेब टेम्पो चालवतात, माल आणतात-नेतात. त्यांना विचारले, कंपनीत तुमचे पद काय? म्हणाले, बाईचा नवरा.

एक वाजता गोलाच्या मध्ये सगळ्यांचे डबे उघडले गेले. वर्षाली नावाची एक आहे, माझ्याच वयाची, हिंगोलीकडची, नवरा कंपनीत शिफ्टला. ती म्हणाली, या की ओ ताई, ठेचा आणलाय, तिकडं कामून बसल्या? मी पायरीवर बसून जेवले. निरीक्षकाने निरीक्षणाखालील गटात मिसळू नये. मेसचा डबा. दोन पोळ्या, बटाटा.


बुधवार, ८ जानेवारी. सायं. ७.१५

उठले ७.४०. प्रगती.

आजचे धडे:
मालकीण संध्याकाळी शेड स्वतः झाडते. कामाची वाटणी करता येत नाही हे छोट्या उद्योजकाचे लक्षण.
मालकीण कामगारांच्या मुलांची नावे, त्यांचे ताप, त्यांची शाळा लक्षात ठेवते. मेंदूतली जागा वाया.
मालकिणीकडे कॉम्प्युटर नाही. वही आहे. तीही फार उघडत नाहीत.

अशा माणसाला तांत्रिक भागीदार किती लागतो, हे तिला अजून माहीत नाही.

उद्या गुरुवार. या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी मला सुट्टी, रविवारी स्नेहलला. तरी ती म्हणाली आहे की रविवारी संध्याकाळी येईन.


शुक्रवार, १० जानेवारी. दु. ३.००, शेडमध्येच

स्टॉपवॉच लावून बसले आहे. सुभद्राबाईंनी मला नाव ठेवले. घड्याळबाई. सुभद्राबाई सर्वांत म्हाताऱ्या. डोळ्यांना कमी दिसते. अशा व्यक्तीला ट्रिमिंगवर ठेवणे हा दुसरा मुद्दा.

महत्त्वाचा शोध. प्रत्येकीपुढे स्टीलची एक वाटी असते. चाळीस नग झाले की वाटी भरते. भरलेली वाटी क्रेटमध्ये ओतायच्या ऐवजी ती डाव्या हाताच्या बाईला देतात. ती बाई वाटी पदरात ओतते, सुनेच्या माहेराबद्दल बोलत बोलत रबरात अंगठा फिरवत बसते, मग एखादे कडे परत फेकते. आज वर्षालीच्या मांडीवर एक आले. सुभद्राबाई म्हणाल्या, हे घे तुजं कानफाटं, नवऱ्याच्या नाष्ट्यात टाक. सगळ्या हसल्या. वर्षालीसुद्धा. मग उरलेले क्रेटमध्ये.

या प्रकाराला त्या वानवळा म्हणतात. विचारल्यावर सुभद्राबाईंनी सांगितले, शेतात नवं काय निघालं का पैलं शेजारणीला धाडायचं न्हाई का, तसं.

एका वानवळ्याला सरासरी एकोणीस सेकंद. प्रत्येकीच्या दिवसाला तीस वाट्या. वीस बायका. एकूण रोज तीन तास दहा मिनिटे गप्पांत जातात.

सतरा वर्षांत हे कोणाच्या लक्षात आले नाही. मला चार दिवस लागले.


रविवार, १२ जानेवारी. सायं. ८.००

शेडवरून लवकर निघाले. खोली आवरली. दोन कप बाहेर काढले.

स्नेहलचा मेसेज ६.५२ ला: अगं सॉरी, नेक्स्ट वीक पक्का.

एक कप आत ठेवला.


मंगळवार, १४ जानेवारी. सायं. ७.४०

संक्रांत. शेडमध्ये चारला काम थांबवून हळदीकुंकू. (तोटा: १५० नग प्रति तास गुणिले वीस. नंतर पाहू.) मालकीण दरवर्षी वाण म्हणून प्रत्येकीला नवीन वाटी देते. कामाची वाटी तीच. वर ठोकून नाव घातलेले. सुभद्राबाई विधवा आहेत. त्यांनाच पहिली वाटी, पहिले कुंकू. त्या म्हणाल्या, आक्का दरसाली वाद घालायला लावती. शालनबाई म्हणाल्या, गप बस, कपाळ पुढं कर.

वाट्या एकवीस होत्या. एकविसावीवर माझे नाव, ‘करिष्मा’.

मी घेतली नाही. निरीक्षकाने भेटवस्तू स्वीकारू नये, असे नम्रपणे सांगितले. शालनबाईंनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. वाटी फळीवर ठेवली, घड्याळाखाली.

तिळगूळ घेतला. नाशवंत होता.


शनिवार, १८ जानेवारी. सायं. ८.१५

मोठी घडामोड.

सहाला निघाले तर चाकण चौकात जाम, बस नाही. परत शेडकडे आले. शालनबाई झाडत होत्या. म्हणाल्या, आता कुठं जाती गं एवढ्या गर्दीत, इथंच ऱ्हा की.

मी शांत राहिले. म्हणाले, अटी लेखी लागतील.

त्या म्हणाल्या, ज्वारीची भाकरी चालंल का?

विषय बदलण्याची ही त्यांची पद्धत दिसते. वाटाघाटी त्यांना येतात. मीही उतावीळपणा दाखवला नाही. ७.१० च्या बसने आले.

उदगीरला बाबांना फोन केला. सांगितले, मालकीण कायमचे राहा म्हणून आग्रह करते आहे. बाबा म्हणाले, बरं आहे. जेवलीस का? हो म्हणाले. आता मॅगी करते.


सोमवार, २० जानेवारी. सायं. ७.२०

शालनबाईंपुढे प्रस्ताव मांडला. टेबले, खुर्च्या, सगळ्यांची तोंडे एका दिशेला, भरली वाटी थेट क्रेटमध्ये. वानवळा बंद.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. म्हणाल्या, सहा बाया घे, एक टेबल घे, शनवारपत्तर कर. बघू.

उद्योजकाचा गुण: कोणावर विश्वास टाकायचा हे कळते.

टेबल घरातले जेवणाचे. नानासाहेब म्हणाले, मग आमी जेवायचं कुठं? शालनबाई म्हणाल्या, खाली. पैल्यापासून खालीच बसताय की, ते टेबल तुमच्या व्हाट्सपला ठिवलंय.


शनिवार, २५ जानेवारी. सायं. ७.००

निकाल.

वानवळ्याचे सेकंद वाचवून अपेक्षित वाढ: साधारण दोन टक्के.
प्रत्यक्ष वाढ: अकरा टक्के.

जास्तीचे नऊ कुठून आले याचे गणित बसत नाही. नेतृत्व असावे.

शालनबाईंना आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, लई पटापट झालं की. एवढेच. फार कौतुक करून माणूस बिघडवायचा नाही, हा धडा.

स्नेहलला सविस्तर लिहिले. चारशे शब्द, एक आलेख. उत्तरादाखल अंगठा आला.


मंगळवार, २८ जानेवारी. सायं. ७.१०

शालनबाईंची मुलगी मंचरला आहे, दिवस भरलेत. त्या आज तिकडे गेल्या. आठवडा तरी लागेल. जाताना शेडमध्ये सगळ्यांना म्हणाल्या, जसं हाय तसं चालू द्या. मग माझ्याकडे वळून, आन् तू बी जरा नीट जेवत जा.

म्हणजे कारभार माझ्याकडे सोपवला. शब्द वेगळे होते.


बुधवार, २९ जानेवारी. सायं. ७.५०

सहाला उठले. पहिल्यांदा.

मांडववाल्या किसनकडून लांब टेबले भाड्याने आणवली. नानासाहेबांनी टेम्पोतून उतरवता उतरवता विचारले, आक्काला इचारलं का? सांगितले, प्रयोग यशस्वी झाला आहे, ही पुढची पायरी. ते म्हणाले, बरं बाई, शिकल्याली हाईस. पाठिंबा मिळाला.

तीन रांगा. सगळ्यांची तोंडे पूर्वेला. सुभद्राबाई ब्लेड हातात घेऊन बसून राहिल्या. म्हणाल्या, वानवळा कुनाला द्यायचा गं? म्होरं तर हिची पाठ हाय. मी सांगितले, कोणालाच नाही, थेट क्रेट. म्हणाल्या, आक्काला फोन लाव एकदा. मी सांगितले, बाळंतपणाच्या घरी कामाचे फोन करू नयेत. त्यांनी ब्लेड चालवायला घेतले.

फोनमधल्या ॲपवर आवाज मोजला. पूर्वी ७१ डेसिबल. आज ५८. फक्त पंखा आणि ब्लेड. माझ्या खोलीत बऱ्याचदा ४० असते, पण ते एका व्यक्तीचे आहे.

एक वाजता डबे आपापल्या जागी उघडले गेले. आज मी पायरीवर बसण्याची गरज नव्हती. सगळ्याच एकेकट्या जेवत होत्या. तरी पायरीवरच बसले. सवय.


शनिवार, १ फेब्रुवारी. सायं. ६.५०

चाळीस हजार नगांचा लॉट गेला. माझ्या कारकिर्दीतला पहिला. जाण्यापूर्वी मी स्वतः बत्तीस नग उचलून डोळ्यांनी तपासले. दोष शून्य.

नवीन भागीदारी कशी असावी यावर विचार केला. पंचवीस टक्के. आग्रह झाला तर तीस. पाटीवर माझे नाव नको. पाटीच नाही आहे.

वर्षाली दोन दिवस बोलली नाही. आज निघताना म्हणाली, ताई, मान आखडली बगा. खुर्चीची उंची चार सेंटिमीटरने कमी करणे.


सोमवार, ३ फेब्रुवारी. सायं. ७.३०

लॉट परत आला. पूर्ण.

कंपनीचे म्हणणे: कड्याच्या आतल्या ओठाला ब्लेडचे बारीक चिरे आहेत. ताणल्याशिवाय दिसत नाहीत. वायर घातली की तिथून फाटते. नवीन माल पुढची सूचना येईपर्यंत बंद.

वीस बायका, काम नाही. दुपारी दोनला घरी पाठवाव्या लागल्या. सुभद्राबाईंनी आपली वाटी पुसून पिशवीत घातली. पूर्वी ती इथेच ठेवून जात.

नानासाहेबांनी मंचरला फोन केला. मी करणार होते.

रात्रीपर्यंत मूळ कारणांचा अहवाल तयार करायचा. प्राथमिक निष्कर्ष: ऑपरेटरचे दुर्लक्ष.


मंगळवार, ४ फेब्रुवारी. सायं. ८.००

शालनबाई सकाळी नऊला आल्या. मुलीला मुलगी झाली आहे. सगळ्यांना बोलावून घेतले होते. आधी पेढे दिले. मलाही. मग क्रेटमधून एक कडे उचलले, अंगठ्यावर चढवले, ताणले, डोळे माझ्याकडे ठेवूनच. चिरा पडलेला होता. दुसरे. चांगले. तिसरे. चिरा.

त्यांनी विचारले, वानवळा कुनी थांबवला?

वीस बायका स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. कोणी बोट दाखवले नाही. ही वेळेची बचत नव्हती, हे मला तेव्हाही कळले.

मी म्हणाले, तो नॉन-व्हॅल्यू-ॲडेड होता.

त्या म्हणाल्या, घरी आईशी बोलती तसं सांग.

मी म्हणाले, मला वाटले वेळ वाया जातो.

त्या हं म्हणाल्या आणि टेम्पोत बसून कंपनीत गेल्या. अकरा ते चार तिथे बाकावर बसून होत्या. नानासाहेब सोबत होते. त्यांनी परत आल्यावर मला बाहेर, नळापाशी सांगितले. क्रमाने लिहिते:

१. आपलं ब्लेड कुठं चुकलं ते आपल्याला कळत न्हाई, शेजारणीच्या अंगठ्याला कळतं. म्हणून वाटी डावीकडे जाते.
२. शेजारीण बघणार आहे म्हणून हात सावकाश चालतो.
३. माझ्या टेबलाचे सगळे क्रेट आक्का आणि सुभद्राबाई रोज मी गेल्यावर ओतून तपासत होत्या. रोज दीड-दोनशे काढत होत्या. मी ५.४० ला निघत असे. शनिवारी आक्का नानासाहेबांना म्हणाल्या होत्या, पोरगी हौसेनं करती, सोमवारी बसून समजावते. सोमवारी मुलीचा फोन आला.
४. शेड स्वतः झाडतात कारण कोणाच्या चटईखाली किती कडी पडली त्यावरून कोणाचा हात आज दुखतोय ते कळते.

मी विचारले, हे मला आधी का सांगितले नाही? ते म्हणाले, तू जेवायला कधी बसलीस? समदं तिथंच बोलत्यात.

कंपनीत शालनबाई म्हणाल्या, चूक माझ्या शेडात झाली, म्हंजे माझी हाय. त्यांनी माझे नाव घेतले नाही. म्हणजे माझ्या कामाची कंपनीत कुठेही नोंद नाही.

(हे वाक्य तक्रार म्हणून लिहायला घेतले होते. आता तसे वाटत नाही. खोडत नाही.)


बुधवार, ५ फेब्रुवारी. सायं. ७.००

कंपनीने अट घातली. चाळीस हजार नग प्रत्येकी ताणून बघायचे, चांगल्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, चिरलेल्यांच्या जागी नवीन करून शुक्रवारी सकाळी पोचवायचे. पोचले तर माल चालू, नाही तर दुसरीकडे.

शालनबाईंनी विचारले, उद्या गुरुवार हाय, कोन कोन येतंय? सुभद्राबाई म्हणाल्या, न येऊन कसं चालंल. वर्षाली म्हणाली, पिठलं कराल तर येतो बगा.

टेबले परत गेली. किसनने विचारले, लगीन कुनाचं होतं?

निघताना शालनबाई मला म्हणाल्या, तुजी सुट्टी हाय उद्या, पन आलीस तर ये.

एकदाच म्हणाल्या. खरोखर गरज असेल तर फोन करतील.


गुरुवार, ६ फेब्रुवारी. दु. ४.३०

७.०० उठले. फोन चार्जिंगला लावला.
९.०० फोन शंभर टक्के.
९.०० ते १.०० अहवालाच्या स्लाइड्स. चौदा. सहावी स्लाइड ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ अशी होती. ती काढली. तेरा.
१.१५ वर्षालीचे स्टेटस. फोटो. वीस बायका गोलात, मध्ये पिठल्याचे पातेले, भाकऱ्यांची चळत. सगळ्यांची बोटे पांढरी. सुभद्राबाईंच्या नाकावरही ठिपका. खाली लिहिले होते: घरचं कार्य.

फोटो झूम करून पाहिला. मागे फळी. घड्याळाखाली काहीतरी चमकते आहे. रिझोल्यूशन अपुरे.

२.०० हिशेब केला. वानवळा बंद करून त्या लॉटच्या तीन दिवसांत वाचलेला वेळ: साडेनऊ तास. आज खर्च होणारा वेळ: वीस बायका गुणिले आठ, म्हणजे एकशे साठ तास. आकडेमोड पुन्हा तपासली. बरोबर आहे.

३.०० निघाले. नाशिक फाट्यापर्यंत गेले. तिथून पोचायला साडेचार झाले असते. अर्धे काम झाल्यावर जाऊन काय उपयोग. परत आले.

फोन अजून शंभर टक्के. वापरच नाही.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सायं. ६.३०

प्रोजेक्टचा शेवटचा दिवस.

माल वेळेवर पोचला. नवीन क्रेट अकराला आले. शेडमध्ये आवाज ७४ डेसिबल.

लॅपटॉप उघडून शालनबाईंना तेरा स्लाइड्स दाखवायच्या होत्या. त्या म्हणाल्या, लई हायत का? मी म्हणाले, तेरा. त्या म्हणाल्या, एक दाखव. कुठली ते ठरवता आले नाही. लॅपटॉप बंद केला.

कॉलेजच्या फॉर्मवर त्यांनी शेरा लिहिला. चष्मा लावून, अक्षर अक्षर काढून. मला वाटले भागीदारीबद्दल काही असेल. निदान ‘सोबत काम करायला आवडेल’ असे. बसमध्ये वाचला:

वेळेवर येते. मोजते चांगले. जेवायला एकटी बसते.

तीन वाक्ये. दोन अनुकूल. तिसरे विषयाला सोडून.

निघताना त्या म्हणाल्या, ये गं कदी. तारीख दिली नाही. फळीकडे बघायचे राहिले.


सोमवार, १० फेब्रुवारी. दु. ४.१०

फॉर्म जमा केला. सरांनी शेरा वाचला. विचारले, हे तिसरे काय? सांगितले, ग्रामीण विनोद. मग त्यांनी तोंडी परीक्षेतला प्रश्न विचारला: या मालकिणीकडून उद्योजकतेबद्दल काय शिकलीस? माझ्याकडे सत्तावीस दिवसांचे आकडे होते. मी म्हणाले, वाटी डावीकडे द्यायची असते. सर म्हणाले, म्हणजे? दहापैकी सहा.

प्लेसमेंटच्या ऑफिसावरून आले. दार उघडे होते. सही मागे घेता येते का, असे विचारण्याचा विचार नव्हता. तरी दोन मिनिटे दाराशी थांबले.

बाबांनी विचारले, त्या बाईंचे काय झाले? म्हणाले, बोलणी थांबली आहेत. माझ्या बाजूने. बाबा म्हणाले, बरं. मग, जेवलीस का? आज पहिल्यांदा नाही म्हणाले. आईला फोन दिला त्यांनी.

काल भोसरीतून ब्लेड आणले. शुक्रवारी शेडवरून येताना बॅगेत चुकून आठ कडी आली होती. (चुकून नाही.) खोलीवर बसून ट्रिम केली. डोळ्यांना आठही उत्तम. अंगठ्यावर चढवून ताणली तर तीन कड्यांना चिरे. स्वतःचे स्वतः तपासताना एकदा चुकलेही असेन. दाखवायला कोणी नव्हते.

शालनबाईंना मेसेज लिहिला. पहिला मसुदा दोन पाने, तेरा स्लाइड्स जोडलेल्या. दुसऱ्यात ‘प्रक्रिया आतून समजून घेण्यासाठी’ असे होते. तेही काढले. वर ‘आदरणीय मॅडम’ होते, ते बदलले. शेवटी खालील मजकूर पाठवला.

आक्का,

संक्रांतीला तुम्ही दिलेली वाटी मी घेतली नाही. ती तुम्ही फळीवर घड्याळाखाली ठेवली होती. चाळीस हजार नग माझ्यामुळे परत आले, हे तुम्ही कोणाला सांगितले नाहीत. मीही तुम्हाला सांगितले नव्हते. आता सांगते.

ती वाटी अजून तिथे असेल तर मला हवी आहे. घरी ठेवायला नको. वर्षाली थोडी सरकली तर सुभद्राबाईंच्या उजव्या हाताला मी बसेन, म्हणजे माझी वाटी त्यांच्याकडे जाईल. माझ्या आठांत तीन चिरतात. हात सुधारेपर्यंत पगार नको. डबा आणीन, पायरीवर बसणार नाही.

गुरुवारी सुट्टी असते. म्हणून येऊ की नको ते बुधवार, १२ तारखेपर्यंत कळवावे.

करिष्मा